घरचा ग्रॅनोला मऊ का पडतो? आणि ओट्सऐवजी ज्वारीचे पोहे, नागली (नाचणी) चालेल का?

गोदाकाठची
नमस्कार मंडळी. मी नाशिकला गंगापूर रोडला राहते. आमच्याकडे सकाळ म्हणजे नुसती पळापळ, नवरा सातपूरला फर्स्ट शिफ्टला जातो, साडेसहाला घराबाहेर, आणि लेकीची शाळा सात दहाची. रोज उठून पोहे-उपमा होतोच असं नाही आणि मग दोघंही बाहेर चहा-बिस्किटावर दिवस सुरू करतात, ते मला मनातून अजिबात आवडत नाही. म्हणून ग्रॅनोला, म्हणजे गोड लावून कुरकुरीत भाजलेले ओट्स आणि दाणे, पाकिटातला आणायला लागले. दोघांना आवडला, दह्यात किंवा दुधात घातला की पाच मिनिटांत खाऊन मोकळे. पण ४०० ग्रॅमचं पाकीट पाच दिवस पुरत नाही, आणि पाकिटाच्या मागे घटक वाचले तर ओट्सच्या खालोखाल साखर. म्हटलं आपण घरीच करू.

तीनदा केला, तीनदा बिघडला. पहिल्यांदा बेदाणे आधीच घातले होते ते फुगून काळे झाले, सगळ्याला कडवट वास. दुसऱ्यांदा कढईत, गूळ अर्धी वाटी पाण्यात विरघळवून त्यात ओट्स परतले, ती लापशी झाली. तिसऱ्यांदा ओटीजीत (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) १८० वर २० मिनिटं, बाहेर काढला तर मऊ लागला म्हणून परत आत ढकलला आणि करपला. ओट्स ते दोन मिनिटांत शिजणारे होते.

कुठे चुकतंय? आणि दुसरं, ओट्स सोडून आपल्याकडचं काही, म्हणजे ज्वारीचे पोहे, नागली, शेंगदाणे असं वापरून कोणी केलाय का?

खमंग_काकू
ताई, ग्रॅनोला हा शब्द बाजूला ठेव आणि गोड चिवडा म्हणून बघ, लगेच उलगडेल. पातळ पोह्यांच्या चिवड्यात आपण पाण्याचा थेंब जाऊ देतो का? हिरवी मिरची-कढीपत्तासुद्धा कुरकुरीत झाल्याशिवाय पोहे टाकत नाही, कारण ओल राहिली की दुसऱ्या दिवशी चिवडा वातड. इथेही तेच. दुसऱ्या घाण्याला तू गुळात अर्धी वाटी पाणी घातलंस तिथेच ओट्स शिजले. पाणी अजिबात नको. तूप किंवा तेल आणि गूळ, दोन्ही मंद आचेवर एकत्र विरघळव, बस.

आणि तिसरा घाणा खरं तर बिघडलेला नव्हताच. गरम असताना ग्रॅनोला मऊच लागतो, गुळाचा किंवा मधाचा लेप गार झाला की कडक होतो. चिक्की ताटात थापल्या थापल्या कडक असते का? तसंच. ट्रे बाहेर काढून तासभर हात लावायचा नाही, चमच्याने हलवायचंही नाही, नाहीतर गोळे मोडतात. तू थांबली असतीस तर तो चांगला निघाला असता गं.

सातपूर_सेकंड_शिफ्ट
काकूंना अनुमोदन. त्यात भर, दोन मिनिटांत शिजणारे ओट्स बारीक कापलेले आणि पातळ लाटलेले असतात, तेल-गूळ लागला की पिठूळ होतात. पाकिटावर रोल्ड ओट्स लिहिलेले जाड घ्या. स्टील कट म्हणून दलियासारखे तुकडे मिळतात ते पण नको, ते भाजून दाताला खड्यासारखे लागतात.

आणि १८० जास्त आहे. १५० वर ३० ते ३५ मिनिटं. ओटीजी छोटा असेल तर वरची कॉइल ट्रेच्या अगदी डोक्यावर येते, म्हणून वर लाल आणि आत ओलं. ट्रे मधल्या खाचेत, वरची कॉइल बंद करता येत असेल तर पहिली २० मिनिटं बंद ठेवायची. मी मेंटेनन्सला आहे, कामावर रोज तापमान मोजतो म्हणून घरच्या ओटीजीत पण थर्मामीटर ठेवून पाहिला, बटण १५० वर आणि आत १७५ दाखवत होतं. तेव्हा बटणावर भरवसा ठेवू नका, वासावर ठेवा.

देवळालीची_लेक
माझं ठरलेलं प्रमाण देते, सहा वर्षं हेच करतेय. जाड ओट्स ३०० ग्रॅम, शेंगदाणे आणि बदामाचे तुकडे मिळून १०० ग्रॅम, भोपळ्याच्या आणि सूर्यफुलाच्या बिया ५० ग्रॅम, तीळ २५ ग्रॅम, तेल किंवा पातळ तूप ६० मिली, मध किंवा गूळ १०० ग्रॅम, मीठ अर्धा छोटा चमचा, दालचिनी किंवा वेलची आवडीप्रमाणे. मीठ वगळू नका, मीठ नसलेला ग्रॅनोला नुसताच गोड लागतो, शेंगदाण्याची चवच वर येत नाही. सुकं सगळं एकत्र, त्यावर गूळ-तूप ओतून हाताने चोळायचं, प्रत्येक ओट चमकला पाहिजे. मग ट्रेमध्ये एक बोटभर थर, वाटीच्या बुडाने दाबून बसवायचा. मध्ये एकदाच उलथन्याने मोठे मोठे भाग उलटायचे. बेदाणे, खजुराचे तुकडे वगैरे शेवटी, गार झाल्यावर.

मोठे गोळे हवे असतील तर अंड्याचा पांढरा भाग फेटून त्यात कालवतात. अंडं चालत नसेल तर दोन-तीन चमचे ओट्स मिक्सरला फिरवून ते पीठ घाला, त्यानेही बांधलं जातं.

तान्ह्याची_आई
माझा एक बाजूचा प्रश्न, बाळ १० महिन्यांचं आहे, याला दह्यात कालवून दिला तर चालेल का? घरचाच आहे म्हणून विचारते.

देवळालीची_लेक
नको गं. मध घातलेला असेल तर एक वर्षाच्या आतल्या बाळाला अजिबात द्यायचा नाही, भाजलेला असला तरी नाही. मधात एका जिवाणूचे बीजाणू असू शकतात, ते ओव्हनच्या उष्णतेने मरत नाहीत आणि तान्ह्या बाळाच्या आतड्यात वाढून विष तयार करतात, बोटुलिझम म्हणतात त्याला. गूळ घातला तरी अख्खे शेंगदाणे-बदाम घशात अडकायची भीती, चार-पाच वर्षांपर्यंत सुका मेवा पूड करूनच दे. बाळाला नागलीचं सत्त्व किंवा ओट्स नीट शिजवून दे, ते चांगलं.

तान्ह्याची_आई
बरं झालं विचारलं. मधाचं बोटुलिझम माहीतच नव्हतं, आजीने तर बारशाला मध चाटवला होता. आता घरात सगळ्यांना सांगते.

निफाडकर_द्राक्षवाला
बेदाण्यावर मी बोलतो, घरची बाग आहे. साधारण चार किलो द्राक्षाचा एक किलो बेदाणा होतो. द्राक्ष आधी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यातून काढतात, त्याने सालीवरचा मेणाचा थर विरतो आणि पाणी लवकर उडतं, मग शेडमध्ये जाळीवर सावलीत पंधरवडाभर सुकतात. शेवटी बेदाण्यात जेमतेम १५ टक्के पाणी उरतं, बाकी बहुतेक साखरच. आता सांगा, अशी साखरेची गोळी अर्धा तास भट्टीत ठेवल्यावर करपणार नाही तर काय होणार. तुमचे बेदाणे वाईट नव्हते ताई, वेळ चुकली.

धुवायचे असतील तर आदल्या दिवशी धुवा आणि फडक्यावर पूर्ण सुकवा, ओले बेदाणे डब्यात गेले की अख्खा डबा मऊ.

आणि ओट्सचं एक सांगतो. आमच्याकडे ओट लावतात ते गायींना हिरवा चारा म्हणून, हिवाळ्यात लसूणघासासारखंच, मेथीघास म्हणा, त्याच्याच शेजारी. लेकीने पहिल्यांदा ओट्सचं पाकीट आणलं तेव्हा माझ्या आईने ओंजळीत घेऊन वास घेतला आणि म्हणाली हे तर गव्हाणीतलं. आता तीच रोज दुधात घालून खाते, दात नाहीत म्हणून भिजवून.

पंचवटी_आजोबा
मी वेगळं मत मांडतो. सातूचं पीठ काय वाईट होतं? गहू आणि डाळं भाजून दळलेलं, गूळ-दुधात कालवलं की दोन मिनिटांत न्याहारी तयार, शिफ्टवाल्यालाही आणि शाळावाल्यालाही. ओटीजी नको, वीज नको. आमच्या आईने सहा पोरं त्यावर वाढवली. बाहेरून आलेल्या पदार्थाच्या मागे लागून एवढी खटपट कशासाठी, हे मला मनापासून कळत नाही.

गोदाकाठची
आजोबा, तुमचं म्हणणं पटतं आणि मी सातूचं पीठ करून पण पाहिलं. नवऱ्याने आवडीने खाल्लं. पण लेकीला चावायला काहीतरी लागतं, कालवलेलं काही दिलं की ती अर्धं ठेवते. ती मधल्या सुट्टीत ग्रॅनोला छोट्या डबीतून कोरडाच खाते, मैत्रिणींना वाटते. पीठ असं डबीतून खाता येत नाही ना.

पंचवटी_आजोबा
हं. पोर खातंय हे महत्त्वाचं. मग डाळं टाका त्यात निदान.

खमंग_काकू
आजोबा छान सांगितलंत! डाळं खरंच चांगलं लागतं, मूठभर घालून पाहा. आधीच भाजलेलं असतं म्हणून शेवटच्या दहा मिनिटांत घालायचं.

जुने_नाशिक
ओव्हन नसणाऱ्यांसाठी. आमच्याकडे दिवाळीत नानकटाईचे ट्रे बेकरीत नेऊन भाजून आणायची पद्धत आहे, तुमच्याही घरी असेल. मी गेल्या पावसाळ्यात ग्रॅनोलाचा ट्रे तसाच नेला. पहिला ट्रे सात मिनिटांत काळा झाला कारण पावाची भट्टी फार तापलेली असते. मग तिथल्या भट्टीवाल्या चाचांनीच सांगितलं, पावाचा घाणा संपल्यावर दुपारी या, भट्टी उतरणीला लागते तेव्हा ठेवू. दुपारी नेला. त्यांनी लांब फळीवर ट्रे ठेवून आत सरकवला, दर थोड्या वेळाने काढून बोटाने एक शेंगदाणा उचलायचे, दोन भाग करून आतला रंग बघायचे आणि परत आत. तिसऱ्या वेळी म्हणाले झालं. वरून मला काहीच फरक दिसत नव्हता, पण शेंगदाणा आतून फिकट बदामी झाला होता. तेव्हापासून मी घरी पण शेंगदाणा फोडूनच बघतो, घड्याळ बघत नाही.

सातपूर_सेकंड_शिफ्ट
शेंगदाणा फोडून बघायचं हे एकच नंबर! सगळ्यात जाड जिन्नस आतून भाजला की बाकीचं झालेलंच असणार.

इंदिरानगर_अभ्यासू
थोडं अवांतर, पण मला या पदार्थाचा इतिहास फार आवडतो म्हणून लिहितो. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या डान्सव्हिलला जेम्स केलेब जॅक्सन नावाचे डॉक्टर आरोग्यधाम चालवत, त्यांनी १८६३ मध्ये जाड्याभरड्या गव्हाच्या पिठाचे पापुद्रे भाजून, फोडून, पुन्हा भाजून एक न्याहारी काढली, नाव ग्रॅन्युला. ती इतकी कडक असायची की रात्रभर दुधात भिजवल्याशिवाय खाता येत नसे. पुढे मिशिगन राज्यातल्या बॅटल क्रीकच्या डॉक्टर जॉन हार्वी केलॉगने तसाच पदार्थ त्याच नावाने काढला, भांडण कोर्टात गेलं आणि केलॉगने नाव बदलून ग्रॅनोला केलं. म्हणजे सुरुवातीच्या ग्रॅनोलात आजच्यासारखे मध-तेल लावलेले ओट्स नव्हतेच, हा आजचा अवतार १९६० च्या दशकात लोकप्रिय झाला.

मुसली वेगळी. ती स्वित्झर्लंडच्या बिर्शर-बेनर या डॉक्टरने १९०० च्या आसपास रुग्णांसाठी काढली, भिजवलेले ओट्स आणि किसलेलं सफरचंद, भाजणं नाही. दुकानात दोन्ही शेजारी ठेवलेले असतात म्हणून घोटाळा होतो.

हे सांगायचं कारण, आजोबांचं सातूचं पीठ आणि जॅक्सनची पहिली न्याहारी यांत मला फार अंतर दिसत नाही. भाजलेला गहू, दुधात कालवून. तेव्हा ताई, ओट्स असलेच पाहिजेत असा काही नियम नाही.

त्र्यंबकची_वाट
आता मूळ दुसऱ्या प्रश्नावर कोणी येत नाहीये म्हणून मी येते 🙂 नागलीचा ग्रॅनोला मी करते. त्र्यंबक, पेठ, सुरगाणा भागात नागली आणि वरई पिकतेच, माझं माहेर तिकडचं, दर दिवाळीनंतर भाऊ नागलीची गोणी आणून देतो.

नागलीचे दाणे अख्खे घालू नका, ते वाळूसारखे लागतात. पीठ वापरायचं. चार चमचे नागलीचं पीठ कोरडंच मंद आचेवर भाजायचं, आधी कच्चा मातकट वास येतो, तो जाऊन खमंग वास सुटला की उतरवायचं. हे पीठ गूळ-तुपात कालवून त्याचा लेप ओट्सना किंवा ज्वारीच्या पोह्यांना द्यायचा. त्याने दोन गोष्टी होतात, गोळे घट्ट बांधले जातात, आणि रंग-चव थोडी चॉकलेटकडे जाते. माझ्या भाच्यांना कोको घातलाय असंच वाटतं.

ज्वारीचे पोहे चालतात, पण ते ओट्सइतका गूळ पीत नाहीत आणि लवकर भाजले जातात. म्हणून गूळ थोडा कमी आणि १५० वर १५-१८ मिनिटंच. मी निम्मे ओट्स निम्मे ज्वारीचे पोहे घेते, आधी शेंगदाणे-ओट्स १५ मिनिटं भाजून मग पोहे मिसळते. लाह्या घातल्या तर कोरडा खायला फार सुंदर, नागपंचमीला ज्वारीच्या लाह्या उरल्या की मी घालतेच, पण दुधात पडल्या की लगेच बसतात.

गोदाकाठची
ताई तुम्ही तर माझ्या मनातलं लिहिलंत. नागलीच्या पिठाचा लेप, हे डोक्यातच आलं नव्हतं. गूळ कुठला घेता? माझा नेहमीचा गूळ फार चिकट आहे.

त्र्यंबकची_वाट
चिक्कीचा गूळ माग, किराणावाले वेगळा ठेवतात. नेहमीच्या मऊ गुळात ओल असते, तो कितीही भाजला तरी दोन दिवसांनी चिकटतो. चिक्कीचा गूळ तुपावर वितळवून एक थेंब पाण्यात टाक, कट्कन मोडला की पाक झाला. ओव्हन नसेल तर हाच पाक कढईत करून, आधीच कोरडे भाजून ठेवलेले ओट्स, शेंगदाणे, तीळ त्यात भराभर मिसळायचे आणि तूप लावलेल्या परातीत थापायचं. गार झालं की हाताने तोडायचं. ओव्हनसारखा सुटा होत नाही, पण कुरकुरीत शंभर टक्के होतो.

लेबल_वाचणारा
एक गोष्ट सगळ्यांना कळकळीने सांगायची आहे. माझ्या वडिलांना शुगर आहे, आणि घरचा आहे, गुळाचा आहे म्हणून ते मोठा बाऊल भरून खायचे. गूळ असो, मध असो, शरीरात गेल्यावर साखरच. वर तेल आणि दाणे. देवळालीच्या ताईंच्या प्रमाणाचा हिशोब केला तर ४५ ग्रॅमला दोनशेच्या आसपास कॅलरी येतात, आणि ४५ ग्रॅम म्हणजे आपली आमटीची छोटी वाटी, बाऊल नाही. आता आम्ही वडिलांसाठी गूळ निम्म्याहून कमी घालतो, गोळे होत नाहीत, सुटाच राहतो, पण वाटीभर दह्यात अर्धी वाटी घालून ते आनंदाने खातात.

ओट्सचा फायदा खराच आहे, त्यातलं बीटा-ग्लुकन नावाचं तंतुमय द्रव्य कोलेस्टेरॉल कमी करायला मदत करतं, अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने (एफडीए) १९९७ मध्येच पाकिटावर तसं लिहायला परवानगी दिली. पण त्यासाठी दिवसाला ३ ग्रॅम लागतं, म्हणजे साधारण ७५ ग्रॅम ओट्स. ग्रॅनोलाच्या एका वाटीत त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकेच ओट्स असतात. तेव्हा औषध म्हणून नका खाऊ, न्याहारी म्हणून खा.

पंचवटी_आजोबा
लेबलवाले, वडिलांसाठी एवढं मोजूनमापून करता, बरं वाटलं वाचून.

निफाडकर_द्राक्षवाला
थंडीत आमच्याकडे मध बरणीत गोठून दाणेदार होतो, बरणी कोमट पाण्यात ठेवा, गॅसवर नको.

खमंग_काकू
साठवणीचं राहिलंच. पूर्ण गार झाल्याशिवाय झाकण लावायचं नाही, आतल्या वाफेने बुडाला पाणी सुटतं. काचेची बरणी किंवा घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा. पावसाळ्यात रोज उघडायचा डबा छोटा ठेवायचा आणि मोठा बंदच, आठवड्याने त्यातून काढायचा. मऊ पडलाच तर टाकू नका, १२० वर आठ-दहा मिनिटं गरम करून परत गार करा, पण बेदाणे वेचून मग.

गोदाकाठची
मंडळी, रविवारी केला! सगळं जसंच्या तसं लिहिते. सकाळी नवरा मिसळ आणायला गेला तेवढ्यात मी तयारी केली. जाड ओट्स २०० ग्रॅम, ज्वारीचे पोहे १०० ग्रॅम, शेंगदाणे, थोडे बदाम, तीळ, भोपळ्याच्या बिया, चार चमचे भाजलेलं नागलीचं पीठ, चिक्कीचा गूळ ९० ग्रॅम, तूप, मीठ. थर्मामीटर नव्हता म्हणून बटण १४० वर ठेवलं, वरची कॉइल बंद. १५ मिनिटांनी पोहे मिसळले, परत दाबून बसवलं. पंचविसाव्या मिनिटाला शेंगदाणा फोडला, आतून पांढरट. एकतिसाव्याला परत फोडला, फिकट बदामी. काढला.

लेक लगेच हात घालायला आली, तिला म्हटलं तासभर थांब. ती खुर्ची ओढून ट्रेसमोरच बसली. पाऊण तासाने कडेचा तुकडा उचलला तेव्हा तो अख्खा, तळहाताएवढा निघाला आणि मोडताना आवाज झाला. मला इतका आनंद झाला काय सांगू. मग बेदाणे आणि मूठभर डाळं वरून मिसळलं, आजोबा, डाळं विसरले नाही, फक्त भट्टीत घालायचं राहिलं.

आज चौथा दिवस, अजून कुरकुरीत आहे. नवरा शिफ्टला जाताना एक डबी घेऊन जातो. नागलीमुळे रंग गडद आला, लेकीच्या मैत्रिणी विचारतायत कुठल्या दुकानातला.

एकच शंका उरली, तळाला बारीक चुरा वाटीभर राहतो, त्याचं काय करता?

त्र्यंबकची_वाट
अभिनंदन गं! चुरा टाकू नकोस, पुढच्या घाण्यात पिठाऐवजी तोच घाल.

देवळालीची_लेक
किंवा केळ्याच्या शिकरणीवर भुरभुरव. आमच्याकडे चुऱ्यासाठीच भांडणं होतात.

पंचवटी_आजोबा
आमच्याकडे सून उद्या करणार आहे. तिने विचारलंय, चिक्कीचा गूळ रविवार कारंज्यावर मिळेल का मेनरोडलाच जावं लागेल?

जुने_नाशिक
आजोबा, रविवार कारंज्याच्या आसपास कुठल्याही जुन्या किराणावाल्याकडे मिळेल, फक्त ढेप नखाने दाबून बघा म्हणावं, नख रुतलं तर तो नाही.